बस थांबतात तो दिवस: नाताळातलं लंडन

२२ डिसेंबर

आई, माझे पती आणि मी, असे तिघं हीथ्रोवरून एलिझाबेथ लाइननं थेट टॉटनहॅम कोर्ट रोडला उतरलो. २०२२ मध्ये ही लाइन सुरू झाल्यापासून मोठ्या बॅगा घेऊन मध्य लंडनमध्ये पोचणं फारच सोपं झालंय. सगळीकडे लिफ्ट आहेत आणि डब्यात ऐसपैस जागा असते. तिकीट काढायची गरज पडत नाही, बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड फाटकावर टेकवलं की झालं. फक्त प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं. म्हणून आईसाठी निघण्याआधीच स्वतंत्र फॉरेक्स कार्ड करून घेतलं होतं.

मुक्काम ब्लूम्सबरीत. याच भागात खोली हवी असा माझा हट्ट होता आणि त्याला कारण होतं २५ तारीख. नाताळच्या दिवशी लंडनची ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वे, बंद, बस बंद, ट्राम बंद, लोकल आणि लांबच्या गाड्याही बंद. एरवी रात्रभर बस धावणाऱ्या शहरात त्या दिवशी एकही बस नसते. आमच्या ओळखीतल्या बहुतेकांनी याच कारणासाठी "२३ ते २६ सोडून कधीही जा" असं सांगितलं होतं. मला नेमके तेच दिवस हवे होते. ब्लूम्सबरीतून हाइड पार्क, ट्रफाल्गर चौक, थेम्स हे सगळं पायी करता येतं. शिवाय खोलीत छोटा ओटा, शेगडी आणि फ्रिज होता, म्हणजे हॉटेलं बंद असली तरी आईच्या जेवणाची काळजी नव्हती.

आई अडुसष्ट वर्षांची, भूगोल शिकवून निवृत्त झालेली. दुपारी साडेतीनला सूर्य समोरच्या घरांच्या छपरांवर टेकलेला बघून ती रस्त्यातच थांबली. "साडेएक्कावन्न अक्षांश," ती म्हणाली. "इतकी वर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवलं, आज बघतेय." चारच्या सुमारास सूर्य मावळला आणि पाचला मध्यरात्रीसारखा काळोख झाला. इतक्या लवकर अंधार पडत असेल तर दिव्यांचं महत्त्व वेगळंच असणार.

संध्याकाळी रीजंट स्ट्रीट. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वास्तुकार जॉन नॅशच्या मूळ आखणीतली ती प्रसिद्ध वळणदार रेघ आणि वर पंख पसरलेल्या प्रकाशाच्या देवदूतांची रांग. पंख एका फुटपाथपासून दुसऱ्यापर्यंत पोचतात. या रस्त्यावर नाताळची रोषणाई पहिल्यांदा १९५४ मध्ये झाली, ऑक्सफर्ड स्ट्रीटवर १९५९ मध्ये. गर्दी एवढी, की लोकांच्या ओघाबरोबर पुढं सरकत राहावं लागतं. हॅम्लीज या खेळण्यांच्या दुकानात शिरलो. १७६० मध्ये सुरू झालेलं हे दुकान २०१९ पासून आपल्या रिलायन्सच्या मालकीचं आहे. आत पाय ठेवायला जागा नव्हती, दहा मिनिटांत बाहेर आलो.

२३ डिसेंबर

सकाळ नॅशनल गॅलरीत गेली. हे आजच उरकायला हवं होतं, कारण नॅशनल गॅलरी, ब्रिटिश म्युझियम, व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम), नॅचरल हिस्टरी म्युझियम ही सगळी २४ ते २६ बंद असतात. एरवी या सगळ्यांच्या कायमस्वरूपी दालनांना प्रवेश फुकट आहे.

बाहेर ट्रफाल्गर चौकात नॉर्वेचं झाड. हे झाड पाहायला मी फार उत्सुक होते. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे जर्मनीच्या ताब्यात गेला तेव्हा राजा हाकोन सातवे आणि त्यांचं सरकार लंडनमध्ये आश्रयाला होतं. त्या मदतीची आठवण म्हणून ऑस्लो शहर १९४७ पासून दर वर्षी लंडनला एक स्प्रूसचं झाड भेट देतं. नोव्हेंबरात ऑस्लोजवळच्या जंगलात समारंभानं झाड तोडतात, जहाजानं इंग्लंडला आणतात आणि डिसेंबरच्या सुरुवातीला दिवे लावतात. झाड साधारण वीस मीटरच्या वर उंच असतं. दिव्यांच्या माळा आपण बघतो तशा गोल गुंडाळलेल्या नसतात. नॉर्वेच्या पद्धतीप्रमाणं शेंड्यापासून खालपर्यंत सरळ उभ्या सोडलेल्या असतात, आणि दिवे फक्त पांढरे.

दर वर्षी लंडनकर या झाडाला नावं ठेवतात असं वाचलं होतं. यंदा विरळ आहे, यंदा वाकडं आहे. जवळ जाऊन पाहिलं तर खालच्या काही फांद्यांमधून खरंच आरपार दिसत होतं. मला ते आवडलं. दुकानांतल्या काटेकोर हिरव्या शंकूंपेक्षा हे जंगलात वाढलेलं झाड आहे हे कळतं. बुंध्याशी पाटी आहे, १९४० ते ४५ या काळातल्या मदतीबद्दल लंडनच्या जनतेला ऑस्लो शहराकडून. आईनं ती दोनदा वाचली.

अंधार पडल्यावर झाडाखाली एक गायनगट उभा राहिला. डिसेंबरभर वेगवेगळे गट इथं येऊन नाताळची गाणी गातात आणि एखाद्या धर्मादाय संस्थेसाठी पैसे गोळा करतात. गाणारे साधे लोक होते, कुणी ऑफिसच्या कोटात, कुणाच्या पाठीवर सॅक. शेवटच्या रांगेतल्या एका आजोबांच्या हातातला कागद वाऱ्यानं सारखा उलटत होता आणि शेजारची मुलगी न बघता, गाता गाता तो धरून ठेवत होती. तिथून चालत कोव्हेंट गार्डनला गेलो. जुन्या बाजाराच्या छतातून मोठमोठ्या घंटा आणि मिसलटोचे गोल लटकवलेले, चौकात आणखी एक झाड. छान आहे, पण ट्रफाल्गरच्या झाडानंतर मला तिथं फार वेळ थांबावंसं वाटलं नाही.

२४ डिसेंबर

आजचा मुख्य कार्यक्रम वाणसामान. उद्या मोठी दुकानं उघडत नाहीत आणि त्यामागं चक्क कायदा आहे. २००४ च्या कायद्यानुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठं दुकान नाताळच्या दिवशी उघडता येत नाही. कोपऱ्यावरची छोटी दुकानं उघडी राहू शकतात. त्यामुळे २४ ला दुपारपर्यंत सुपरमार्केटमध्ये झुंबड उडते आणि संध्याकाळी बरीच दुकानं लवकर बंद होतात. आम्ही सकाळीच तांदूळ, मसूर, दूध, ब्रेड, बटाटे आणि छोटे गड्डे घेऊन ठेवले. हे छोटे गड्डे म्हणजे ब्रसेल्स स्प्राउट्स, इथल्या नाताळच्या ताटात हवेतच.

शाकाहारी मंडळींसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. मिन्स म्हणजे खिमा, पण मिन्स पाय नावाच्या छोट्या कचोरीएवढ्या गोड पदार्थात मांस नसतं, आत मनुका, बेदाणे, सफरचंद, संत्र्याची साल आणि मसाले असतात. पण पारंपरिक कृतीत सुएट घालतात, म्हणजे गाईच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. ख्रिसमस पुडिंगमध्येही तेच. हल्ली वनस्पती तेलातलं सुएट वापरलेले खूप प्रकार मिळतात, पाकिटावर शाकाहारी लिहिलेलं पाहून घ्यायचं. दोन्हींत ब्रँडीसुद्धा असू शकते. आईनं चष्मा लावून प्रत्येक पाकिटाची मागची बाजू वाचली आणि एक डबा पसंत केला. गरम करून खाल्ल्यावर म्हणाली, "सारणात जायफळ आहे. आपल्या करंजीच्या घरातलीच आहे ही."

रात्री अकराला जवळच्याच एका छोट्या चर्चमध्ये मध्यरात्रीच्या प्रार्थनेला गेलो. मोठ्या कॅथीड्रलांमध्ये या रात्री लांबच लांब रांगा लागतात. गल्लीतल्या चर्चमध्ये मात्र दारातच एका बाईंनी हसून स्वागत केलं, गाण्यांची पुस्तिका आणि कागदी टोपण लावलेली मेणबत्ती हातात दिली. आम्ही हिंदू आहोत हे मी सांगितलं. "बसा ना, हीटरजवळ बसा," एवढंच त्या म्हणाल्या. पाऊणशे माणसं असतील. आफ्रिकी कुटुंबं, फिलिपिनो नर्सेस, चार-पाच म्हातारी इंग्रज जोडपी, शेवटच्या बाकावर झोपलेलं मूल. बाराच्या ठोक्याला विजेचे दिवे बंद झाले आणि एका मेणबत्तीवरून दुसरी लावत ज्योत बाकाबाकातून मागं आली. आईची मेणबत्ती पुढच्या बाकावरच्या शाळकरी मुलानं मागं वळून लावली, फार गंभीर चेहऱ्यानं, वात धरेपर्यंत हात न हलवता.

२५ डिसेंबर

सकाळी पावणेआठला बाहेर पडलो तेव्हा अजून उजाडलं नव्हतं. हाइड पार्कपर्यंत काळी टॅक्सी केली. टॅक्स्या आज चालू असतात, सणाचा जादा आकार पडतो आणि मिळायला वेळ लागतो. नऊला सर्पेंटाइन तलावावर पोचायचं असल्यामुळे आईचे पाय तेवढ्यापुरते वाचवले.

सर्पेंटाइन जलतरण क्लब १८६४ पासून नाताळच्या सकाळी या उघड्या तलावात पोहण्याची शर्यत घेतो. अंतर शंभर यार्ड. लेखक जे. एम. बॅरी यांनी १९०४ मध्ये शर्यतीसाठी करंडक दिला. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांचं पीटर पॅनचं नाटक लंडनच्या रंगभूमीवर आलं होतं, म्हणून हा पीटर पॅन करंडक. भाग फक्त क्लबच्या सभासदांना घेता येतो, कारण थंडीच्या पाण्याची सवय नसलेल्या माणसाला हे जिवावर बेतू शकतं. बघायला कुणीही येऊ शकतं. काठावर दोन-तीनशे लोक होते, थर्मासमधून चहा फिरत होता, कुत्र्यांनासुद्धा लाल टोप्या. पाटीवर खडूनं पाण्याचं तापमान लिहिलं होतं, ५ अंश. हळू पोहणाऱ्यांना आधी सोडतात आणि वेगवानांना मागाहून, त्यामुळे शेवटच्या काही हातांपर्यंत कोण जिंकणार ते सांगता येत नाही. पोहणाऱ्यांत पिकल्या केसांची माणसं खूप होती. सत्तरीच्या आसपासच्या एक बाई पाण्यातून शिडी धरून वर आल्या. खांद्यापासून पायापर्यंत लालबुंद कातडी आणि बोटं इतकी आखडलेली, की टॉवेल दुसऱ्या कुणीतरी पांघरला. आईनं पुढं होऊन त्यांचे दोन्ही हात आपल्या हातमोज्यांत घेतले आणि चोळले. भाषेचा प्रश्नच आला नाही.

तिथून मार्बल आर्च आणि एजवेअर रोड. हा अरबी वस्तीचा रस्ता आहे, नाताळच्या दिवशीही इथली हॉटेलं चालू असतात. गरम फलाफल, हुम्मुस, मसुरीचं सूप आणि पुदिन्याचा चहा. आमच्या शेजारच्या टेबलावर रात्रपाळी संपवून आलेले इस्पितळाचे तिघं कर्मचारी जेवत होते. शहराची सुट्टी ज्यांच्या जोरावर होते ती माणसं या रस्त्यावर भेटतात.

आणि मग ऑक्सफर्ड स्ट्रीट. तीन दिवसांपूर्वी जिथं खांद्याला खांदा घासत होता तो रस्ता आता टोकापर्यंत मोकळा. सिग्नल हिरव्याचे लाल होत होते आणि थांबायला एकही वाहन नव्हतं. ऑक्सफर्ड सर्कस स्टेशनची जाळीची दारं कुलूपबंद. तिथल्या चौकात २००९ पासून तिरपं ओलांडता येईल असं फुलीच्या आकाराचं क्रॉसिंग आहे. त्या फुलीच्या बरोबर मध्यावर आम्ही तिघं उभे राहिलो, चारी रस्ते डोळ्यांत मावेपर्यंत. रीजंट स्ट्रीटवरचे देवदूत दिवसाउजेडी पाहिले तर तारेचे सांगाडे होते, त्यांना पेललेल्या दोऱ्या समोरासमोरच्या इमारतींच्या कठड्यांपर्यंत जात होत्या. ह्यांना ते सांगाडे रात्रीच्या दिव्यांपेक्षा जास्त आवडले, किती ठिकाणी कसं ताणलंय ते बघत ते बराच वेळ मान वर करून चालत होते. मला आवडल्या त्या इमारती. रोजच्या दिवशी नजर दुकानांच्या काचांवरच अडते. आज पहिल्यांदा वरचे मजले दिसले, दगडातल्या कमानी, कोपऱ्यांवरचे छोटे घुमट, दगडात कोरलेली वर्षं.

पिकॅडिली, ट्रफाल्गर, व्हाइटहॉल. वेस्टमिन्स्टर अॅबी आज पर्यटकांसाठी बंद, प्रार्थनेसाठी उघडं. पुलावर पोचलो तेव्हा बिग बेनचे तीन ठोके पडले. एरवी रहदारीत हा आवाज विरून जातो, आज ठोका आणि त्यामागची लांबत जाणारी घणघण दोन्ही स्वच्छ ऐकू आली. तीनला राजाचं नाताळचं भाषण असतं. पाचव्या जॉर्जनं १९३२ मध्ये रेडिओवरून पहिलं केलं, एलिझाबेथ राणीचं १९५७ मध्ये पहिल्यांदा टीव्हीवर दिसलं. नदीकाठच्या बाकावर एक वयस्क जोडपं फोन मधोमध धरून ते ऐकत होतं. आम्ही थबकलेलो पाहून आजोबांनी आवाज वाढवला आणि सरकून आईला जागा दिली.

वॉटर्लू पुलावरून परत. खोलीवर पोचलो तेव्हा पूर्ण अंधार. मुगाऐवजी मसुराची खिचडी, भाजलेले बटाटे, लोण्यावर परतलेले छोटे गड्डे. लंडनसाठी एकच दिवस मिळाला आणि निवडायला सांगितलं, तर मी हा दिवस निवडेन.

२६ डिसेंबर

बॉक्सिंग डे, नाताळच्या दुसऱ्या दिवसाची सुट्टी. बस परत सुरू, ट्यूब मोजकी. खरेदीला निघालेल्या लोंढ्याच्या उलट्या दिशेला, चॉक फार्मला गेलो. १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर या घरात राहत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अभ्यास, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीची तयारी आणि पैशांची सततची ओढाताण, असा तो काळ. १९२३ मध्ये त्यांना लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं हे घर विकत घेतलं. आज आम्हाला बाहेरूनच पाहायचं होतं. शांत गल्ली, एका रांगेतली उंच घरं आणि भिंतीवर निळी गोल पाटी, त्यावर त्यांचं पूर्ण नाव. दारापुढं आमच्याआधी कुणीतरी झेंडूची फुलं ठेवून गेलं होतं. या थंडीत झेंडू कुठून आणला असेल? आईनं चपला, म्हणजे बूट, काढायला सुरुवात केली, फरशी बर्फासारखी होती, तरी काढलेच.

शेजारीच प्रिमरोझ हिल आहे. वरून सगळं लंडन दिसतं आणि सेंट पॉल्स कॅथीड्रलचा घुमट दिसत राहावा म्हणून ही दृष्टिरेषा नियमांनी राखलेली आहे. मध्ये उंच इमारत बांधून ती अडवता येत नाही. जेवायला ड्रमंड स्ट्रीट, युस्टन स्टेशनामागची भारतीय शाकाहारी खाणावळींची जुनी गल्ली. डोसा मिळाला.

२७ डिसेंबर

ग्रीनिच. वेधशाळेच्या अंगणात शून्य रेखांश दाखवणाऱ्या धातूच्या पट्टीच्या दोन बाजूंना दोन पाय ठेवून फोटो काढायला रांग होती. आईचा नंबर आला तेव्हा तिनं आधी खाली वाकून पट्टीला हात लावला. १८८४ च्या वॉशिंग्टनच्या परिषदेत ही शून्य रेखा जगानं मान्य केली. उपग्रहांवर चालणारी आजची शून्य रेखा इथून सुमारे शंभर मीटर पूर्वेला आहे, हे तिनं मागच्या रांगेतल्या दोन अनोळखी मुलांना हिंदीतून समजावलं. त्यांनी फोन उघडून बघितलं, पट्टीवर रेखांश शून्य येत नव्हता. मुलं फोन पुढं धरून झाडांकडे निघाली. दुपारी एकला छतावरचा लाल गोळा खाली पडला. १८३३ पासून हा गोळा थेम्सवरच्या जहाजांना वेळ दाखवतोय. येताना १९०२ मध्ये बांधलेल्या बोगद्यातून नदीखालून चालत पलीकडे आलो.

२८ डिसेंबर

व्ही अँड ए. या संग्रहालयाचे पहिले संचालक हेन्री कोल. नाताळात पत्रांना उत्तरं लिहायला वेळ पुरेना, म्हणून १८४३ मध्ये त्यांनी चित्रकार हॉर्सलीकडून एक छापील शुभेच्छापत्र करून घेतलं. जगातलं पहिलं ख्रिसमस कार्ड म्हणून ते ओळखलं जातं. त्यातल्या चित्रात लहान मुलीला वाइन पाजताना दाखवलीय म्हणून तेव्हा टीकाही झाली होती. दिवसभर पाऊस होता, बाहेर पडलोच नाही.

२९ डिसेंबर

शेवटचा दिवस सेंट पॉल्ससाठी मुद्दाम राखला होता, तारखेसाठीच. २९ डिसेंबर १९४०, रविवार. नाताळच्या त्याच आठवड्यात संध्याकाळी सहाच्या सुमारास जर्मन विमानांनी लंडनच्या जुन्या शहरावर आगीचे बॉम्ब टाकले. रविवार असल्यानं कचेऱ्यांना कुलपं, आत आग विझवायला माणूस नाही. त्यात थेम्सला मोठी ओहोटी, बंबांच्या नळ्या पाण्यापर्यंत पोचेनात. कॅथीड्रलला लागून असलेली पॅटरनॉस्टर रो ही प्रकाशकांची गल्ली, तिथं लाखो पुस्तकं एका रात्रीत जळाली. धुराच्या लोटांतून वर उभा राहिलेला घुमट हर्बर्ट मेसन या छायाचित्रकारानं फ्लीट स्ट्रीटजवळच्या एका छतावरून टिपला. तो फोटो आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो.

पाहायला जाण्याचं तिकीट इथं महाग आहे, पण संध्याकाळच्या प्रार्थनेला बसायला पैसे पडत नाहीत. घुमटावर चढायचं असेल तर मात्र तिकीट हवं. आम्ही काढलं. आत कमरेला पट्टा बांधलेले एक स्वयंसेवक आजोबा माहिती देत होते. त्यांना आईनं विचारलं, की चारी बाजूंनी आग असताना हे वाचलं कसं? त्यांनी वर बोट केलं. घुमटाचं बाहेरचं कवच लाकडी सांगाड्यावर शिशाच्या पत्र्याचं आहे. एक बॉम्ब त्या पत्र्यात रुतला, शिसं वितळायला लागलं, आणि तो आपल्याच उष्णतेनं सुटून खाली दगडी सज्जावर पडला. तिथं रखवालदारांनी तो विझवला. रात्ररात्र छपरांवर पहारा देणारी स्वयंसेवकांची तुकडी होती, सेंट पॉल्स वॉच. वाळूच्या पिशव्या, पाण्याच्या बादल्या, हातपंप. इमारतीचे कानेकोपरे माहीत असलेले वास्तुतज्ज्ञ त्यात बरेच होते.

"तरुण मुलं असतील," आई म्हणाली. मी भाषांतर करून सांगितलं.

तरुण मुलं तर युद्धावर गेली होती, आजोबा म्हणाले. पहाऱ्यावरचे बरेचसे लढाईचं वय उलटलेले होते. त्या सज्जापर्यंत ३७६ पायऱ्या आहेत, आणि ते अंधारात चढायचे.

"म्हणजे आमच्यासारखेच की," आई म्हणाली, पर्स माझ्या हातात दिली आणि जिन्याकडे निघाली.